बारावी आणि सीईटीनंतर, इंजिनिअरिंग सुरू होण्याआधी मॅथ्सचा फाउंडेशन कोर्स लावावा का?

अकरावी-बारावीची गणितं स्वतःच्या हाताने सुटत असतील तर लावू नका, ते पैसे वाचवा. मी मुंबईत प्रथम वर्षाच्या मुलांना एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं मॅथ्स, शिकवते. मुलं अडतात ती नव्या विषयात कमी, जुन्यात जास्त. पार्शल डिफरन्सिएशन समजतं, पण त्यातला साधा चेन रूल चुकतो. एम-वनमधले कॉम्प्लेक्स नंबर्स तर अकरावीचेच. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्केच, म्हणून बहुतेकांनी तो सोडूनच दिलेला असतो. शिवाय सीईटीत पर्यायांवरून उत्तर काढायची सवय लागते, इथे पूर्ण पायऱ्या लिहाव्या लागतात. तेव्हा स्टेट बोर्डाचीच पुस्तकं काढा आणि उत्तर न बघता एवढं सोडवून पाहा:

- डी मॉयव्हरचा नियम
- इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स
- ३×३ मॅट्रिक्सचा इन्व्हर्स

निम्म्याहून जास्त अडलं तरच कोर्सचा विचार करा, तोही रोज वही तपासणारं कुणी असेल तर. नुसते व्हिडिओ एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, फुकट आहेत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं मात्र वेगळं: त्यांचं पहिल्या वर्षाचं मॅथ्स झालेलंच नसतं आणि पुढे लाप्लास, फूरिए हे मॅथ्सचे पुढचे भाग समोर येतात. त्यांनी कोर्स जरूर करावा.