स्वतःचं काम सांभाळून कॉलेजच्या पोरांना पेंटिंग शिकवावं का?

तुम्ही विचारलंय की स्वतः चित्रं काढत असताना आर्ट कॉलेजात शिकवायला जावं का आणि गेलं तर नेमकं शिकवायचं काय. मी सांगलीत दोन्ही करतो. जावा बिनधास्त, फक्त एक पथ्य पाळा, पोरांच्या कागदाला आपला ब्रश लावायचा नाही.

आपला हात चालू असतो ना, त्यामुळं दोन मिनिटात त्याचं आकाश सुधारून देतो, पोरगं पण खूश, आणि वर्ष संपेपर्यंत सगळ्या वर्गाची आकाशं एकाच माणसाची वाटायला लागतात. शेजारी वेगळा कागद घ्या, त्यावर दाखवा आणि तिथंच फाडून टाका (नाहीतर फोटो काढून घरी जाऊन तेच उतरवतात).

बरीच पोरं शाळेतच चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा देऊन आलेली असतात, पोस्टर कलरचा हात बसलेला, म्हणून वॉटरकलरमध्ये पण पांढरा कालवतात. इथं पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, हे पटायलाच वेळ जातो. सावलीत ट्यूबमधला काळा थापतात, त्याऐवजी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळायला द्या, त्यातनं निळसर आणि तपकिरी दोन्हीकडचे ग्रे निघतात. आणि वॉटरकलर वाळला की फिकट पडतो, ॲक्रिलिक वाळला की गडद होतो, हे बोलून कळत नाही, पट्ट्या मारून वाळवायला लावा.

मग वर्गाबाहेर काढा. आमच्या सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा फोटो मोबाईलवर बघून काढला तर कमानीखाली नुसता काळोख येतो, तेच सकाळी घाटावर बसलं की पाण्यावरनं वर गेलेला उजेड त्या सावलीत दिसतो. जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला पण न्या, भवानी संग्रहालयात रविवर्म्याची ओरिजनल तैलचित्रं आहेत, जवळनं बघितल्यावर पोरं ब्लेंडिंगबद्दल (एक रंग दुसऱ्यात अलगद मिसळण्याबद्दल) आपणहून विचारतात, जे प्रिंट बघून कधीच विचारत नाहीत. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं शिल्प पण तिथं आहे, बहुतेकजण त्याच्यासमोरनं सरळ पुढं जातात, जाऊ द्या.

राहिलं तुमचं काम. शिकवून आल्यावर संध्याकाळी पेंटिंग होत नाही, डोकं दुसऱ्यांच्या चित्रात अडकलेलं असतं, त्यामुळं तास सलग दिवसांत मागून घ्या आणि बाकीचे दिवस कॉलेजचा फोन उचलू नका. तासिका तत्त्वावर बोलवत असतील तर मानधन महिन्याच्या महिन्याला मिळतं का हे आधीच्या माणसाला विचारा, प्राचार्यांना नको.