पाठ थापली नाही तर कफ सुटणार कसा?

पावसाळा सुरू झाला की तान्ह्या बाळांच्या आया मला हटकून विचारतात, "छातीत एवढं घरघरतंय, मग डॉक्टर फिजिओथेरपी, म्हणजे पाठ-छाती थापून कफ सोडवायचा उपचार, का देत नाहीत?" यंदा हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका आईबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाळ पाच महिन्यांचं. निदान ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे आरएसव्हीसारख्या विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. "पाठ थापायची गरज नाही," असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलेलं. पण सासूबाईंचं म्हणणं, कफ पडल्याशिवाय पोर मोकळं व्हायचं नाही. मग ही रोज रात्री त्याला मांडीवर पालथं घालून थापत बसायची.

"थापल्यावर काय होतं?"

"रडतो. काल सगळं दूध उलटलं. नंतर पाजायला घेतलं तर ओढेचना, इतका दमला."

"तरी आज पुन्हा थापणार?"

"नुसती बघत कशी बसू, ताई?"

"थापल्यावर बरं कुणाला वाटतं? त्याला की तुम्हाला?"

बराच वेळ ती दुपट्याची कड मुडपत राहिली. मी काही बोलले नाही. "मला," ती शेवटी म्हणाली. "आपण काहीतरी केलं असं वाटतं. नाहीतर मी कसली आई, असं मनात येतं."

आजारापेक्षा आजाराबद्दल आपण मनात जे बोलतो ते जास्त छळतं, असं मानणारी मी. माहिती मी आधीच ओतली असती तर तिने मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा थापलं असतं. ते वाक्य तिच्याच तोंडून येईपर्यंत थांबता आलं, याचं मला समाधान आहे. "गरज नाही" हे डॉक्टरांचे शब्द तिला "तू काही करू नकोस" असे ऐकू आले होते.

मग तिने स्वतःहून विचारलं, थापून का सुटत नाही? नळ्यांच्या भिंतीच सुजलेल्या असतात, ती सूज बाहेरून थापून उतरत नाही. उलट बाळ दमतं, उलटी होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये आणि ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2015 मध्ये नेहमीच्या ब्रॉन्किओलायटिससाठी ही थेरपी नको म्हटलं. फ्रान्समध्ये अशा बाळांना वर्षानुवर्षं सर्रास फिजिओकडे पाठवत. तिथल्या आरोग्य प्राधिकरणानेही 2019 मध्ये ती शिफारस काढून घेतली. स्नायूंच्या आजारामुळे ज्या बाळाला खोकून कफ काढताच येत नाही, त्याची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर स्वतः फिजिओथेरपिस्टला बोलावतात.

तिच्या हातांना मी दुसरं काम दिलं. पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं पण वारंवार दूध, ओल्या लंगोटांवर लक्ष. धुरी आणि शेगडी बंद, मध अजिबात नाही. आणि बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. ते मोजण्यात सासूबाईही सामील झाल्या.

हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो आणि मग उतरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध निम्म्यावर आलं, ओठ निळसर दिसले किंवा श्वास मध्येच थांबला, तर रात्र असो की पाऊस, तडक दवाखाना गाठा.