मास इफेक्ट सुरू केलायस ना? मग सिटाडेल या अवकाश स्थानकावर अडकू नकोस
अरे पहिले काही तास सगळ्यांना असंच वाटतं, स्टोरी भारी पण गोळीबार जरा जुनाट, २००७ चा गेम आहे शेवटी, म्हणून लगेच सोडू नकोस. २०२१ ची लेजेंडरी एडिशन घे, त्यात नेम धरणं आणि ती माको गाडी दोन्ही बरंच सुधारलंय. सिटाडेलवरची सगळी साइड मिशन्स एकदम उरकत बसू नकोस, तिथेच कंटाळा येतो, स्पेक्टर, म्हणजे खास एजंट, झालास की सरळ थेरम ग्रहावर जा आणि तिथल्या लियारा या शास्त्रज्ञ मुलीला टीममध्ये घे, उशीर केलास तर तिचं कितीतरी बोलणं हुकतं. आणि टीममधल्या रेक्स या योद्ध्याशी जहाजावर अधूनमधून बोलत जा, त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून दे, का ते वर्मायर ग्रहावरच्या मिशनमध्ये कळेल तुला. सेव्ह मात्र जपून ठेव हं, तुझे निर्णय पुढच्या दोन्ही भागांत जातात.