सौदा प्रोग्रामनं केला, तरी करार कुणाचा?

वकिलीत नवा आहेस म्हणून सांगतो. अशील म्हणाला, "सौदा एआयनं केला, मी नाही," की लगेच मान डोलावू नकोस. आधी माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 11 उघड. आपोआप चालणारी यंत्रणा त्यानं किंवा त्याच्या वतीनं कुणी प्रोग्राम केली असेल, तर तिनं पाठवलेला संदेश त्याचाच. प्रस्ताव आणि स्वीकृती मात्र 1872 च्या करार कायद्यानंच तपासायची.

सिंगापूरचा क्वॉइन विरुद्ध बीटूसीटू हा 2020 चा निकाल मुळातून वाच. 2017 मध्ये क्वॉइनच्या आभासी चलनांच्या प्लॅटफॉर्मवर बीटूसीटू या व्यापारी कंपनीच्या प्रोग्रामनं इथर हे चलन विकलं: एका इथरला सुमारे 10 बिटकॉइन, म्हणजे बाजारभावाच्या जवळपास 250 पट दरानं सौदे आपोआप झाले. क्वॉइननं ते दुसऱ्या दिवशी परस्पर उलटवले. दरातली चूक बीटूसीटूला माहीत होती का, हे ठरवताना न्यायालयानं तिच्या प्रोग्रामरला काय माहीत होतं ते पाहिलं, प्रोग्राम लिहिल्यापासून सौदा होईपर्यंत. करार टिकला. मला हे पटतं. पण तो प्रोग्राम ठरलेल्या पायऱ्यांनी चालणारा होता. स्वतः शिकणाऱ्या मॉडेलला तो निकाल डोळे मिटून लावू नकोस.

आणि अशिलाकडून लॉग (प्रोग्रामनं केव्हा काय केलं याची आपोआप झालेली नोंद) आणि त्या दिवशीची सेटिंग्ज पहिल्याच भेटीत मागून घे. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नकोस.