परत जा, बाय

प्रिय बाय,

तुझा मेल दोनदा वाचला. तुझी अडचण कळली: इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या निकेलच्या खाणी फोटोत टिपल्यास तर विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला बदनाम करतेस म्हणून लोक तुला कोळशावाल्यांची म्हणतील, नाही टिपल्यास तर मन खाईल. ते राहू दे. दुसऱ्यांदा जायचे पैसे बाजूला ठेवलेस का? नसतील तर तिकीट काढू नकोस.

तिथली माती तुला ओळखीची वाटेल. निकेलही तांबड्या जांभ्यातूनच काढतात, पावसात डोंगराचा रंग समुद्रात उतरतो. ड्रोनमधून ते इतकं देखणं दिसतं की माणसं विसरायला होतात. आपल्या गोव्यात मांडवीतून लोहखनिज नेणाऱ्या बार्जचे तसले फोटो माझ्याकडे कपाटभर आहेत. हवे तर ने.

२०१२ च्या उन्हाळ्यात डिचोलीकडच्या खाणींजवळ एका वाड्यावर एक बाई तुळशीची पानं ओल्या फडक्याने एकेक करून पुसत होती. फडकं तांबडं, नखं तांबडी. फोटो पहिल्या पानावर आला, कडा कापून. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. मी खूश होतो. परत गेलो नाही. दिवसाला तीन असाइनमेंट, पेट्रोल पदरचं. तू असतीस तर काय केलं असतंस? पण पणजीहून डिचोली ती केवढी लांब!

म्हणून सांगतो, परत जा. धूळ पहिल्या फेरीत दिसते, टिप्परच्या, म्हणजे खनिजाच्या ट्रकच्या, कर्जाचा हप्ता दिसायला दुसरी फेरी लागते.

आणि फोटोखाली 'बॅटरीसाठी' असं मोघम लिहिलंस तर माझ्याशी बोलू नकोस. निकेलचा मोठा वाटा स्टेनलेस स्टीलला जातो. एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत तर निकेलही नसतं, कोबाल्टही नसतं. ट्रकच्या मागे स्मेल्टरपर्यंत, धातू गाळायच्या कारखान्यापर्यंत जा. २०२० पासून इंडोनेशिया कच्चं निकेल बाहेर पाठवत नाही. गाळणं तिथेच होतं, तेही बव्हंशी कोळशाच्या विजेवर. ते दाखवलंस तर कोळशावाली कोण म्हणेल तुला? पण त्यासाठीही परत जावं लागेल. एका फेरीत गेटवरचा वॉचमनसुद्धा बोलत नाही.

२०१८ ला गोव्यातल्या खाणींच्या लीजा रद्द झाल्या, तेव्हा कुठे मी त्या वाड्यावर गेलो, पेपरातला फोटो मोठा करून घेऊन. बाईने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आमचो टिप्पर खंय?"

मूळ फ्रेम सोबत जोडली आहे. उजव्या कडेला बघ.