राजदूत ३५०चे दोन कार्ब्युरेटर जुळवायला व्हॅक्यूम गेज लागतो का?

नाही, बोटांनी आणि कानांनी जुळतात. गेजवर पैसे घालू नका. माझी राजदूत मी वर्षानुवर्षं घरीच अशी जुळवतो. इंजिन बंद. एअर फिल्टरकडचे रबर काढा, दोन्ही आयडल स्क्रू मोकळे करा, स्लाइडांखाली (कार्ब्युरेटरमधल्या, रेस पिळली की वर उचलल्या जाणाऱ्या झडपा) एकेक बोट घाला आणि कुणाला तरी रेस अगदी सावकाश पिळायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. मागे राहणाऱ्या बाजूची केबल कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या अ‍ॅडजस्टरने ताणा, लॉकनट आवळा. आयडलिंग नंतर, इंजिन तापल्यावर. रेसबरोबरच ओढल्या जाणाऱ्या ऑइल पंपाच्या केबलची खूण तपासायला मात्र विसरू नका (बहुतेक जण विसरतात!), ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. स्लाइड झिजून खुळखुळत असतील तर सगळी खटपट वाया. आधी पुण्याच्या नाना पेठेत पार्ट शोधा.