इंग्रजीची शंका : ‘दॅट बिग ऑफ अ प्रॉब्लेम’मधलं ते ‘ऑफ’

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे, इंग्रजी शिकवायचे. माझी मुलगी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर काम करते आणि फोनवर सारखं ‘इट्स नॉट दॅट बिग ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणते. मी वर्गात जन्मभर ‘नॉट दॅट बिग अ प्रॉब्लेम’ शिकवलं. मध्ये हे ‘ऑफ’ कुठून आलं? मी तिला टोकलं तर म्हणते, ‘आई, इथे सगळे असंच बोलतात.’ चूक कोणाची?

उत्तर : बाई, तुम्ही शिकवलंत ते बरोबर आहे आणि मुलगी जे ऐकते तेही तिने नीट ऐकलं आहे. अमेरिकेत रोजच्या बोलण्यात हे ‘ऑफ’ सर्रास येतं, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीही येतं. ब्रिटनमध्ये ते बऱ्याच जणांच्या कानाला खटकतं. छापील, औपचारिक मजकुरात मात्र अमेरिकन संपादकसुद्धा बहुधा ते काढून टाकतात.

माझं काम ध्वनिमुद्रित इंग्रजी मुलाखती ऐकून शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायचं आणि मग त्यांची मराठी सबटायटल्स करायचं. सुरुवातीची काही वर्षं मी हे ‘ऑफ’ ऐकू आलं तरी लिहीत नसे. बोलणाऱ्याची जीभ अडखळली असेल असं समजून पुढे जायचे. मग एका वयस्कर अमेरिकन बाईंची मुलाखत हाती आली. मुलांबद्दल बोलता बोलता त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘आय वॉझन्ट दॅट गुड ऑफ अ मदर.’ मी सवयीने ‘दॅट गुड अ मदर’ असं टाइप केलं, आणि तपासताना ते वाक्य पुन्हा ऐकलं. ‘गुड’नंतर त्यांनी क्षणभर श्वास घेतला होता, आणि पुढचं ‘ऑफ अ मदर’ एका दमात, एकच शब्द असल्यासारखं आलं होतं. जीभ कुठेही अडखळली नव्हती. त्यांच्या वाक्याचा सांधाच तिथे होता. मी ‘ऑफ’ परत जागेवर ठेवलं. त्या दिवसापासून मी ते कधी गाळलं नाही.

आता सांधा का लागतो ते बघू. इंग्रजीत नेहमीचा क्रम ‘अ बिग प्रॉब्लेम’. आधी ‘अ’, मग विशेषण, मग नाम. त्यात ‘व्हेरी’ घातलं तरी क्रम हलत नाही, ‘अ व्हेरी बिग प्रॉब्लेम’. पण ‘सो’, ‘टू’, ‘अॅज’, ‘हाऊ’ आणि ‘इतका’ या अर्थाचं ‘दॅट’ किंवा ‘धिस’, यांतला एखादा शब्द आला की तो विशेषणाला हाताला धरून ‘अ’च्या पुढे नेतो. म्हणून ‘टू बिग अ रिस्क’, ‘हाऊ लाँग अ वेट’, ‘अॅज गुड अ प्लेस अॅज एनी’. साधं विशेषण ‘अ’च्या डोक्यावर जाऊन बसलंय असं दृश्य एरवी इंग्रजीत जवळजवळ दिसत नाही. भाषाशास्त्रात या रचनेला चक्क ‘बिग मेस’ असं नाव पडलं आहे.

बोलणाऱ्याच्या कानालाही ही जागा उघडीबोडकी वाटते. आणि शेजारीच एक तयार वाट असते : ‘हाऊ मच ऑफ अ प्रॉब्लेम’, ‘नॉट मच ऑफ अ सिंगर’, ‘मोअर ऑफ अ रनर’, ‘इनफ ऑफ अ रीझन’, ‘समथिंग ऑफ अन एक्स्पर्ट’. या सगळ्यांत ‘ऑफ अ’ आहे आणि त्यांच्यावर कडक व्याकरणकारही बोट ठेवत नाहीत. दिवसभर ‘हाऊ मच ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘हाऊ बिग ऑफ अ प्रॉब्लेम’ निघालं, तर त्याने एका ओळखीच्या साच्यात ‘मच’च्या जागी ‘बिग’ बसवलं, एवढंच झालं. ही निष्काळजी नव्हे. उलट अनियमित जागेला नियमात आणायची ती धडपड आहे, आणि मला ती मनापासून आवडते.

तिला हद्दही आहे. ‘अ बिग ऑफ अ प्रॉब्लेम’ कोणी म्हणत नाही, कारण विशेषणाला पुढे ओढणारा शब्द तिथे नाही. ‘व्हेरी बिग ऑफ अ प्रॉब्लेम’ही नाही. जास्त करून गुड, बॅड, बिग, लाँग, हार्ड अशा लहान, मोजमापाच्या विशेषणांबरोबर ही रचना ऐकू येते. भरभर बोलताना ‘ऑफ’चा ‘अव्’ होतो आणि ‘बिगवा’ असं काहीतरी कानावर पडतं, म्हणून नवख्याला ते कळतच नाही.

तेव्हा मुलीला टोकू नका. अर्ज, अहवाल, परीक्षा असेल तर ‘ऑफ’ काढायला सांगा. फोनवर राहू द्या.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये मी ‘दे आर सो गुड पीपल’ असं लिहिलं आणि सरांनी खाली लाल रेघ मारली. ‘सो गुड अ मॅन’ चालतं, मग ‘सो गुड पीपल’ का चालत नाही?

उत्तर : मराठी माणसाची ही अगदी घरची चूक आहे, आणि तिचं मूळ आपल्या भाषेच्या सोयीत आहे. आपल्याकडे ‘इतका’ हा शब्द नामाकडे बघून स्वतःच बदलतो : इतका चांगला माणूस, इतकी चांगली बाई, इतकी चांगली माणसं, इतकं गरम पाणी. क्रम एकच. एकवचन असो, अनेकवचन असो, मोजता येणारी वस्तू असो की न मोजता येणारी, आपलं काही अडत नाही.

इंग्रजीतलं ‘सो’ बदलत नाही. त्याला ‘अ’चा आधार हवा. नाम एकवचनी आणि मोजता येण्यासारखं असलं की ‘अ’ हजर असतो, म्हणून ‘सो गुड अ मॅन’ उभं राहतं. ‘पीपल’ किंवा ‘वॉटर’पुढे ‘अ’ येतच नाही, आणि रचना कोसळते. तिथे ‘सच’ आणायचं : ‘सच गुड पीपल’, ‘सच हॉट वॉटर’. ‘टू’ला तर तीही सोय नाही. ‘टू हॉट वॉटर’ म्हणता येत नाही, वाक्यच फिरवावं लागतं, ‘द वॉटर इज टू हॉट’. क्रियापदानंतर ‘सो’ आणि ‘टू’ अगदी मोकळे असतात, हे लक्षात ठेवलंत तर निम्मी अडचण मिटेल. ‘सो मेनी’, ‘सो मच’, ‘सो फ्यू’ यांना हा नियम लागू नाही. ‘सो मेनी गुड पीपल’ बिनधास्त लिहा.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची. १६११ साली निघालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘सो ग्रेट अ क्लाउड’ही आहे आणि ‘सो ग्रेट फेथ’ही आहे. ‘फेथ’ म्हणजे श्रद्धा, मोजता न येणारी, तिच्यापुढे ‘अ’ नाही आणि तरी ‘सो ग्रेट’ आलं आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ही वाट खुली होती, पुढे ती बंद झाली. तुमचं वाक्य तर्काला सोडून नव्हतं. आजच्या वापराला सोडून होतं.

प्रश्न : अनुवाद करताना ‘ही वॉज अन एंजल ऑफ अ मॅन’ हे वाक्य आलं. मी ‘तो माणसाचा देवदूत होता’ असं केलं. काहीतरी चुकतंय असं वाटतं.

उत्तर : चुकतंय खरं, पण तुम्हाला ते जाणवलं ही अनुवादकाची निम्मी कमाई. इथला ‘ऑफ’ ‘चा-ची-चे’ नाही. पहिलं नाम दुसऱ्याचं विशेषण झालं आहे. माणूस कसा? देवदूतासारखा. आणि यासाठी मराठीत केवढा सुंदर शब्द आहे : देवमाणूस. दोन नामं शेजारी ठेवली आणि काम झालं, मध्ये प्रत्ययसुद्धा लागला नाही. ‘अ ज्युएल ऑफ अ गर्ल’ला आपण ‘मुलगी म्हणजे हिरा आहे नुसता’ म्हणू. ‘अ पॅलेस ऑफ अ हाउस’ला ‘घर कसलं, राजवाडाच’. प्रत्येक वेळी नवा साचा शोधावा लागतो, आणि तो शोधण्यात मला आजही तासन्‌तास जातात.

ओळखायचं कसं? नुसता ‘ऑफ अ’ पाहून फसाल, कारण ‘अ पेज ऑफ अ बुक’मध्येही तो आहे. विचारा : दुसरं नाम हेच पहिलं नाम आहे का? घर हा राजवाडा आहे का? वक्त्याच्या लेखी हो. पुस्तक हे पान आहे का? नाही. पहिल्या ठिकाणी विशेषण समजा, दुसऱ्या ठिकाणी खुशाल ‘चं’ लावा. ‘दॅट इडियट ऑफ अ ड्रायव्हर’मध्ये गाडी चालवणारा ड्रायव्हरच असतो, मूर्ख हे त्याच्यावर मारलेलं लेबल.

याच घराण्यातलं ‘अ हेल ऑफ अ’ फार पुढे गेलं आहे. ‘हेलुवा’ असा एकच शब्द करूनही ते लिहितात. त्यातला नरक विरून गेला आहे. ‘अ हेल ऑफ अ प्लेयर’ ही तारीफ, ‘अ हेल ऑफ अ मेस’ ही तक्रार. आपलं ‘भयंकर’ असंच दोन्हीकडे चालतं : भयंकर आवडलं, भयंकर चिडले. सबटायटलमध्ये मी बरेचदा तोच शब्द वापरते. अक्षरं मोजून जागा असते आणि ‘भयंकर’ तिच्यात बसतो.

प्रश्न : ‘द रूम इज नाइस अँड वॉर्म’. खोली चांगलीही आहे आणि उबदारही, असंच ना?

उत्तर : नाही, इथे गुण दोन नाहीत. ‘नाइस अँड’ मिळून ‘छानपैकी’ असा अर्थ होतो : खोली छानपैकी उबदार आहे. ‘गुड अँड रेडी’ म्हणजे पुरता तयार, त्यात चांगुलपणा नाही. ही जोडी क्रियापदानंतर शोभते. नामाच्या आधी ‘अ नाइस वॉर्म रूम’ म्हणतात, ‘अँड’ गळतो. आणि शब्द उलटे करून ‘वॉर्म अँड नाइस’ म्हटलं, तर मात्र तुम्ही म्हणता तसे खरोखरच दोन वेगळे गुण होतात.